मुलांचा घोळणा फुटला तर काय करायचं? ग्वाल्हेरच्या आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल लागला, लू सुरू झाली की शाळेत कुणा ना कुणाचा घोळणा फुटतोच आणि मग संध्याकाळी पालकांचे फोन सुरू होतात. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहते, त्यामुळे शाळेतल्या आया, शेजारच्या काकू, नात्यातल्या मुली सगळ्या साधारण हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पण खाली जे आहे ते मुलांचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर सांगतात तेच आहे. आत्ता या क्षणी मुलाच्या नाकातून रक्त येत असेल तर फक्त पहिला प्रश्न वाचा, बाकीचं रक्त थांबल्यावर.

आत्ता रक्त येतंय, काय करू?

बसवा. आडवं करू नका, उताणं तर अजिबात नको. खुर्चीवर किंवा तुमच्या मांडीवर सरळ बसवून मान थोडी पुढे झुकवा, खाली एखादा जुना टॉवेल किंवा वाटी धरा. आता नाकाचं वरचं हाड संपतं आणि नाक मऊ लागायला सुरुवात होते तो खालचा भाग, म्हणजे दोन्ही नाकपुड्या, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत घट्ट धरा. एकाच बाजूने रक्त येत असलं तरी दोन्ही धरायच्या. मुलाला सांगा तोंडाने श्वास घे, आणि तोंडात रक्त आलं तर गिळू नको, थुंक. आणि आता घड्याळ बघा किंवा मोबाईलवर टायमर लावा, पूर्ण दहा मिनिटं चिमटी सोडायची नाही. "थांबलं का बघू" म्हणून मध्येच बोट काढलं की नुकती धरू लागलेली गुठळी सुटते आणि परत पहिल्यापासून दहा मिनिटं. मी इतक्या घरी हेच बघितलंय, दर अर्ध्या मिनिटाला उघडून बघतात आणि म्हणतात रक्त थांबतच नाही. दहा मिनिटं खूप मोठी वाटतात, मूल रडत असतं, आजी बाजूला उभी राहून काही ना काही सांगत असते, पण धरून ठेवा. मुलाला कार्टून लावून द्या, गोष्ट सांगा, पण हात हलवू नका.

दहा मिनिटांनी हळूच सोडा. अजून येत असेल तर परत दहा मिनिटं. दोनदा नीट धरूनही थांबलं नाही तर चिमटी तशीच धरून हॉस्पिटलला निघा.

पण लहानपणी तर आम्हाला मान मागे करायला सांगायचे?

हो, आणि अजूनही घरोघरी तेच करतात. मान मागे केली की रक्त बाहेर दिसत नाही एवढंच, येणं थांबत नाही, ते मागच्या बाजूने घशात उतरतं. मूल ते गिळतं, पोटात रक्त गेलं की मळमळतं आणि थोड्या वेळाने उलटी होते, त्यात काळपट लाल रक्त बघून घरातले सगळे हादरतात. खोकला येऊन ठसका लागू शकतो तो वेगळाच. शिवाय किती रक्त जातंय याचा अंदाजच लागत नाही. म्हणून मान पुढे.

कापूस कोंबू का?

नको. कापूस किंवा टिश्यू काढताना खपली त्याच्याबरोबर निघते आणि परत सुरू होतं. वाहणारं बाहेरून टिपून घ्या फक्त.

डोक्यावर गार पाणी, कांदा हुंगवणं, दुर्वांचा रस, तूप... यातलं काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला याचं उत्तर जपूनच द्यायचंय कारण हे सांगणारी माणसं आपलीच असतात आणि मायेने सांगतात. डोक्यावर गार पाणी थापणं, कपाळावर ओला रुमाल ठेवणं, नाकावर बर्फाची पिशवी धरणं, याने नुकसान काही नाही, मुलाला बरं वाटतं, घाबरलेलं मूल शांत होतं. पण रक्त थांबवायचं काम चिमटी करते. तेव्हा एकाने चिमटी धरायची आणि दुसऱ्याला हौस असेल तर त्याने गार पाणी थापावं, असं वाटून घ्या. आजीलाही काम मिळतं.

कांदा हुंगवून रक्त थांबत नाही, उलट शिंक आली तर वाढतं. दुर्वांचा रस नाकात घालू नका, कच्चा रस कितीही धुऊन काढला तरी जंतूरहित नसतो आणि आत जखम उघडी असते. तुपाचं म्हणाल तर रक्त थांबल्यावर, मोठ्या मुलाच्या नाकपुडीच्या अगदी कडेला बोटाने किंचित लावलं तर ते व्हॅसलीनसारखंच कोरडेपणा कमी करतं, पण पातळ केलेलं तूप किंवा तेल थेंब थेंब नाकात सोडणं लहान मुलांना करू नका, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याने एक वेगळ्या प्रकारचा न्यूमोनिया होतो.

इतकं रक्त! मूल अशक्त नाही होणार?

युनिफॉर्मचा पांढरा शर्ट, त्यावर लाल डाग, बघवत नाही हे खरं. पण हिशोब करा. मुलाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण 70 ते 80 मिली रक्त असतं, म्हणजे 20 किलोच्या मुलाच्या अंगात दीड लिटरच्या आसपास. आणि एक चहाचा चमचा म्हणजे 5 मिली. ते एक-दोन चमचे रुमालावर पसरले की अख्खा रुमाल लाल दिसतो. एखाद्या वेळच्या घोळण्याने मूल अशक्त होत नाही. मात्र आठवड्यात अनेकदा आणि महिनोन्‌महिने चालू असेल तर अंगातलं लोह कमी होऊ शकतं, मूल फिकं दिसतं, खेळताना लवकर दमतं, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

मुळात रक्त येतंच कुठून? डोक्यातून तर नाही ना?

नाही, डोक्याशी काही संबंध नाही. "मेंदूची नस फुटली" असं कुणीतरी बोलून जातं आणि आई रात्रभर झोपत नाही. नाकाच्या मधला जो पडदा आहे त्याच्या अगदी पुढच्या भागात, बोट घातलं की जिथे पहिल्यांदा लागतं तिथेच, चार-पाच वेगवेगळ्या रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या येऊन एकमेकींत मिसळतात. त्या जागेला डॉक्टर लिटल्स एरिया म्हणतात. तिथली त्वचा पातळ, ओलसर आणि रक्तवाहिन्या अगदी वर वर. थोडं कोरडं पडलं, खपली धरली, खपली खाजली, बोट गेलं, की फुटलं. मुलांमधले बहुतेक सगळे घोळणे याच जागेतले असतात आणि म्हणूनच बाहेरून चिमटी धरली की बरोबर त्याच जागेवर दाब पडतो.

साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं, नंतर बहुतेकांचं आपोआप कमी होत जातं.

"उष्णता झाली" म्हणतात, ते खरं का? आंबे, अंडी बंद करू का?

बंद करू नका. आंब्याने किंवा अंड्याने नाकातली रक्तवाहिनी फुटत नाही. पण उन्हाळ्याशी संबंध आहे हे आपल्या आज्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त कारण पोटात नाही, हवेत आहे. आपल्या ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा 45 च्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी की दोरीवरचे कपडे पाहता पाहता वाळतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांच्या मुलांचं नाक दोन दिवसांत सोलवटतं ते यामुळेच. तीच कोरडी हवा मुलांच्या नाकातला ओलावा शोषून घेते. आणि मग थंडीत परत तोच प्रकार, डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी, दारं-खिडक्या बंद, रूम हीटर चालू, हवा कोरडी, वरून सर्दी.

पन्हं, बेलाचं सरबत, ताक, सब्जा जरूर द्या, पाणी भरपूर पाजा, लू लागू नये म्हणून ते हवंच. फक्त त्यावर भरवसा ठेवून नाकाकडे दुर्लक्ष नको.

मग कोरडेपणावर करायचं काय?

इथे थोडं सविस्तर लिहिते कारण खरा फायदा इथेच आहे, रक्त थांबवणं सगळे कसंबसं शिकतात, पण ते परत येऊ नये म्हणून रोज दोन मिनिटं देणं राहून जातं.

एक, व्हॅसलीन म्हणजे साधी पेट्रोलियम जेली. गव्हाच्या दाण्याएवढी स्वच्छ बोटावर घेऊन नाकपुडीच्या आतल्या कडेला, पडद्याच्या बाजूला, पुढच्या पुढेच लावायची आणि बाहेरून नाक हलकं दाबून पसरवायची. खोल बोट घालायचं नाही, त्याने नखच लागेल. सकाळी आणि रात्री, दोन-तीन आठवडे नेमाने. दोन दिवस लावून "काही फरक नाही" म्हणू नका, आतली जखम भरायला वेळ लागतो. अगदी तान्ह्या बाळांना मात्र डॉक्टरांना विचारूनच. खपल्या पिवळट, दुखऱ्या असतील तर जंतुसंसर्ग असू शकतो, त्याला डॉक्टर अँटिबायोटिक मलम देतात, ते मेडिकलवाल्याला विचारून स्वतःच आणू नका.

दुसरं, सलाईनचे म्हणजे मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, मेडिकलमध्ये मिळतात, स्वस्त असतात, दिवसातून दोन-तीनदा एक-दोन थेंब. सर्दी बंद करणारे थेंब वेगळे, ते नव्हेत, बाटलीवरचं नाव नीट वाचा, कारण ते मनाने दिवसेंदिवस घातले तर नाक उलट जास्त चोंदतं.

तिसरं, नखं. दर आठवड्याला कापायची, कडा गुळगुळीत करायच्या. बोट घालू नको म्हणून ओरडून उपयोग होत नाही, मूल खाज येते म्हणून बोट घालतं, खाज कोरडेपणाने येते, तेव्हा व्हॅसलीन लावलं की बोटही आपोआप कमी जातं. आणि झोपेत जाणाऱ्या बोटावर तर ओरडून काही होणारच नाही.

कूलर चांगला की एसी?

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात नाकासाठी कूलर बरा, तो हवेत ओलावा घालतो. एसी हवा अजून कोरडी करतो. एसी लावत असाल तर फार गार करू नका आणि वारा थेट तोंडावर येऊ देऊ नका, झोपताना व्हॅसलीन विसरू नका. कूलरचा वाराही थेट तोंडावर नको. आणि कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून वाळवायची, डेंग्यूचा डास त्यातच वाढतो, आणि डेंग्यूचा नाकातल्या रक्ताशी काय संबंध ते खाली लिहिलंय.

रात्री झोपेतच का येतं? सकाळी उशी लाल असते.

दिवसभर कोरडं पडलेलं नाक, झोपेत नाक चोळणं, बोट जाणं, कुशीवर झोपल्यावर नाक उशीवर घासणं. अशा मुलांनी रात्री थोडं रक्त गिळलेलं असतं म्हणून सकाळी काळसर शी किंवा एखादी उलटी होऊ शकते. उशाशी छोटा नॅपकिन ठेवा आणि मुलाला सांगून ठेवा की रक्त आलं तर उठून बस, आम्हाला हाक मार, पडून राहू नको.

सर्दी, अ‍ॅलर्जी यामुळे होतं का?

खूप वेळा. सतत शिंकरून, चोळून नाक आतून लाल झालेलं असतं. आपल्याकडे धूळ काही कमी नाही. अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला असेल तर त्यानेही कधी कधी रक्त येतं, याचं एक कारण स्प्रे मारायची पद्धत. उजव्या नाकपुडीत मारायचा तर डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने जातो. स्प्रे स्वतःहून बंद करू नका, आधी पद्धत सुधारा, तरी येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड आणि रक्त येतंय.

लहान मुलात असं दिसलं की नाकात काहीतरी अडकलंय असंच आधी समजायचं. चणा, मणी, खोडरबराचा तुकडा, थर्माकोल, काहीही निघतं. चिमट्याने, हेअरपिनने काढायला जाऊ नका, ते आत सरकतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि घड्याळाची, रिमोटची, खेळण्याची गोल चपटी बटन बॅटरी नाकात गेल्याची नुसती शंका जरी असली तरी एक मिनिट थांबू नका, रात्र असो की रविवार. ती काही तासांतच आतली त्वचा जाळते, पडद्याला भोक पडू शकतं. अशा वेळी नाकात पाणी किंवा थेंबही घालायचे नाहीत. हे मी प्रत्येक पालक-सभेत सांगते आणि सांगत राहणार.

हॉस्पिटलला कधी पळायचं?

दोनदा दहा-दहा मिनिटं नीट धरूनही रक्त थांबत नाही. धार लागल्यासारखं येतंय. मूल पांढरं पडलंय, घाम फुटलाय, चक्कर येतेय, श्वासाला त्रास होतोय. पुढे वाकूनही घशात सतत रक्त उतरतंय किंवा रक्ताच्या उलट्या होताहेत. डोक्यावर पडल्यावर रक्त आलं, मग त्यात पाण्यासारखं पातळ काही वाहत असेल तर अजूनच घाई करा. मुलाला आधीपासून रक्त न गोठण्याचा आजार माहीत आहे किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. वय दोन वर्षांच्या आत आहे, मग थोडंसं आलं आणि थांबलं तरी त्याच दिवशी दाखवायचं, इतक्या लहान बाळाचा घोळणा सहसा फुटत नाही.

नाकावर बॉल किंवा कोपर लागलं असेल तर रक्त थांबल्यावरही बघा, नाक वाकडं दिसतंय का, आणि नाक आतून दोन्हीकडे चोंदल्यासारखं, फुगल्यासारखं झालंय का. पडद्यात रक्त साठलं असेल तर ते वेळेत काढावं लागतं, नाहीतर पडदा खराब होऊन नाक बसतं. त्याच दिवशी दाखवा.

गाडी नसेल तर 108 ला फोन करा. ग्वाल्हेरमध्ये जेएएचला, म्हणजे जयारोग्य हॉस्पिटलला जाता येतं, जवळ दुसरं कुठलं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल असेल तर तिथे, जे जवळ ते. वाटेत चिमटी सोडायची नाही, स्कूटरवर मूल मागे बसवून एकट्याने नेऊ नका, एकाने धरून बसायला हवं.

तापात घोळणा फुटला तर?

साध्या सर्दी-तापातही फुटतो. पण पावसाळा संपता संपता, ऑगस्ट ते नोव्हेंबर, ताप आणि नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल बारीक ठिपके, पोटात दुखणं, असं दिसलं तर डेंग्यूचा विचार आधी करायचा, त्यात प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी कमी होतात. त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात. आयब्युप्रोफेन नको, ते असलेली कॉम्बिनेशन सिरप घरात असतात म्हणून लेबल वाचा. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना मनाने कधीच द्यायची नाही.

मोठा आजार तर नसेल ना? कॅन्सर वगैरे?

हा प्रश्न आया खालच्या आवाजात विचारतात. नुसता घोळणा फुटतो, बाकी मूल खेळतंय, खातंय, वाढतंय, तर बहुतेक वेळा कोरडेपणा आणि बोट याशिवाय काही नसतं. काळजी करायची ती सोबतच्या खुणांची. मार न लागता अंगावर निळे डाग, पायांवर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, दात पडल्यावर किंवा खरचटल्यावर रक्त फार वेळ न थांबणं, बरेच दिवस ताप, वजन उतरणं, मानेत गाठी. घरात आईची पाळी फार जास्त जाते, मामाला किंवा आजोबांना दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, अशा गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा, वॉन विलेब्रँड किंवा हिमोफिलियासारखे रक्त न गोठण्याचे आजार घराण्यात असतात आणि डॉक्टर विचारेपर्यंत आपल्याला आठवत नाहीत. मग ते सीबीसी आणि प्लेटलेट (रक्तातल्या पेशींची मोजणी), पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो) अशा तपासण्या सांगतील. सुरुवातीच्या तपासण्या साध्या रक्ताच्या असतात.

वयात येणारा मुलगा, एकच नाकपुडी सतत चोंदलेली आणि त्याच बाजूने वारंवार भरपूर रक्त, हे मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीने बघू द्या, त्या वयातल्या मुलग्यांमध्ये नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची एक गाठ होऊ शकते. क्वचित होते, कॅन्सर नसते, पण वेळेत कळायला हवी.

डॉक्टर नाकातली नस जाळू म्हणताहेत, भीती वाटते.

शब्द ऐकून भीती वाटते, प्रक्रिया छोटी असते. जागा बधीर करून सिल्व्हर नायट्रेट लावलेली काडी त्या फुटणाऱ्या रक्तवाहिनीवर काही सेकंद टेकवतात, थोडं झोंबतं. साधारण एका वेळी पडद्याची एकच बाजू करतात, दोन्ही समोरासमोर एकदम केल्या तर पडद्याला भोक पडायची शक्यता असते. मलम नेमाने लावूनही परत परत येत असेल तरच याची वेळ येते. नंतर सांगितलेलं मलम लावत राहणं तितकंच महत्त्वाचं.

रक्त थांबलं, आता खेळायला पाठवू का?

त्या दिवशी नको. शिंकरायचं नाही, खपली काढायची नाही, जड उचलायचं नाही, धावपळ नको, कडक गरम चहा-दूध-सूप नको, गरम पाण्याची अंघोळ नको. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवा, वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या की काल घोळणा फुटला होता, म्हणजे पीटीच्या तासाला भर उन्हात उभं करणार नाहीत.

मुलाला स्वतःला शिकवता येईल का?

येतं, आणि शिकवाच. सहा-सात वर्षांचं मूल नीट शिकतं. रक्त येत नसताना सराव करून घ्या, बस, पुढे वाक, मऊ भाग धर, तोंडाने श्वास, मोठ्यांना हाक. बाहुलीवर करायला दिलं तर अजून लवकर शिकतात. माझ्या वर्गात ज्या मुलांना हे येतं ती रडत नाहीत, नाक धरून माझ्याकडे चालत येतात, आणि बाकीची मुलंही घाबरत नाहीत. स्कूलव्हॅनच्या काकांनाही एकदा दाखवून ठेवा, मुलं दुपारच्या उन्हात त्यांच्याबरोबरच असतात.

मेमध्ये ट्रेनने पुण्याला जायचंय, काही काळजी?

खिडकीतून लू थेट तोंडावर घेऊ देऊ नका, ओला रुमाल नाका-तोंडावरून गुंडाळा, निघायच्या आधी आणि रात्री व्हॅसलीन, बॅगेत सलाईनची बाटली आणि दोन जुने नॅपकिन. एसी डब्यात असाल तरी व्हॅसलीन हवंच.

आजोबांच्याही नाकातून येतं, त्यांनाही हेच?

चिमटी आणि मान पुढे हे तेच. पण वयस्कर माणसांचं कारण वेगळं असू शकतं, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि त्यांचं रक्त मागच्या बाजूने येण्याची शक्यता जास्त. त्यांना डॉक्टरांना दाखवाच आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

युनिफॉर्मवरचे डाग?

लगेच गार पाण्यात टाका, गरम पाणी घातलं की रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. गार पाण्यात अर्धा तास, मग साबण चोळून धुवा.